सातचा भोंगा आणि पंधराचे वय

कडेगाव तालुक्यात ‘कोयता’ हा मोजमापाचा शब्द आहे. ऊसतोडीला आलेले नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाने यंदा किती कोयते आणले, यावर वांगीच्या सोनहिरा कारखान्याचे आणि आसपासच्या सगळ्याच कारखान्यांचे गळीत ठरते. गेल्या काही वर्षांत हाच शब्द पुण्याकडच्या बातम्यांतून वेगळा अर्थ घेऊन गावात परत आला आहे. ‘कोयता गँग’ म्हणजे हातात कोयते नाचवत दुकानांच्या काचा, उभ्या गाड्या आणि कधीकधी माणसांची डोकीही फोडत जाणारी पोरे. बातमीच्या शेवटी बहुधा एक ओळ असते, की ताब्यात घेतलेल्यांत काही विधिसंघर्षग्रस्त बालके आहेत. नववी-दहावीच्या वयाच्या मुलाला सरकारी भाषेत असे म्हणतात.

कडेगावातल्या नववीतल्या मुलाला ही बातमी वर्तमानपत्रातून कळत नाही. तिची चित्रफीत मोबाईलवर आधीच येऊन गेलेली असते, मागे गाणे आणि वर कुणा ‘भाई’चे नाव. त्यामुळे हे शहरातले लोण आहे, खेड्याला त्याचे काय, असे म्हणून प्रश्न बाजूला सारता येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे देशात अल्पवयीनांविरुद्ध 2021 मध्ये 31,170 आणि 2022 मध्ये 30,555 गुन्हे नोंदले गेले. म्हणजे आकडा भरमसाट फुगला असे नाही. मात्र महाराष्ट्र या यादीत वरच्या राज्यांत आहे. ताब्यात घेतलेल्यांपैकी चारांतले तीनहून अधिक 16 ते 18 या वयातले, जवळजवळ सगळे मुलगे, आणि मोठी बहुसंख्या आईवडिलांबरोबर राहणारी. हा शेवटचा मुद्दा सहसा कुणी वाचत नाही. बालगुन्हेगार म्हटले की फलाटावर झोपणारे, कुणाचेच नसलेले पोर डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तो रात्री जेवायला घरी येणारा मुलगा असतो. जेवून पुन्हा बाहेर पडतो, एवढेच.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला 17 वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि लोकांचा संताप झाला. जुलै 2025 मध्ये त्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणीही मंडळाने फेटाळली. वयाची मर्यादा 18 वरून 14 वर आणा, ही मागणी आता राजकीय व्यासपीठांवरूनही होते. तिच्यामागचा राग खोटा नाही. ज्याच्या घरातला माणूस गेला, त्या घरात मारणाऱ्याच्या वयाचा हिशेब कुणी करत बसत नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये.

पण कायदा अगदीच दुबळा आहे, हे म्हणणे अपुऱ्या माहितीचे आहे. दिल्लीच्या 2012 च्या प्रकरणानंतर 2015 मध्ये नवा बाल न्याय कायदा आला. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा 16 ते 18 वर्षांच्या मुलाने केला, तर त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासून मंडळ त्याला प्रौढांप्रमाणे खटल्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. ही तपासणी किती नाजूक आहे, ती करताना मानसशास्त्राच्या जाणकाराची मदत का घ्यायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 च्या निकालात सविस्तर सांगितले आहे. अमेरिकेने हा रस्ता आपल्या कितीतरी आधी धरला होता. तिथल्या सार्वजनिक आरोग्य तज्ज्ञांच्या कृतिगटाने 2007 मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. प्रौढांच्या न्यायालयात पाठवलेली मुले पुढे हिंसक गुन्ह्यांसाठी पुन्हा पकडली जाण्याचे प्रमाण, बाल न्यायालयातच ठेवलेल्या मुलांपेक्षा सुमारे 34 टक्क्यांनी जास्त निघाले. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. सोळाव्या वर्षी सराईतांच्या बराकीत राहिलेला मुलगा तिथे शिकायचे ते शिकून बाहेर येतो.

कल्याणीनगरच्या प्रकरणात सगळ्यांच्या लक्षात राहिला तो निबंध. खरे तर गाडीची चावी, दारूचे टेबल आणि नंतर रक्ताच्या नमुन्याची बाटली, यांपैकी एकही गोष्ट अल्पवयीन मुलाच्या अखत्यारीतली नसते. नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण वैद्यकीय पेशाला मान खाली घालायला लावणारा तो दिवस होता. मुलाच्या हातून घडलेल्या गुन्ह्याभोवती प्रौढांचे एक कडे असते. कुणी चावी दिलेली असते, कुणी बाटली, कुणी नुसतीच पाठ फिरवलेली असते. प्रतिबंधाचा विचार करायचा तर तो या कड्यापासून करावा लागतो, आणि त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे.

बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडोल्फ केटले यांनी 1831 मध्येच दाखवून दिले होते, की गुन्ह्यांचे प्रमाण वयाबरोबर बदलते. कुमारवयात ते झपाट्याने चढते, ऐन तारुण्यात शिखर गाठते आणि मग उतरू लागते. पुढे देशोदेशी हा आलेख काढला गेला. शिखराचे वय थोडे मागेपुढे झाले, पण आकार तोच राहिला. याचे एक कारण मेंदूच्या वाढीत आहे. सुख, उत्तेजना, भीती, राग यांच्याशी संबंधित मेंदूचा आतला भाग वयात येताना एकदम तापतो. विचार करून हात आवरणारा, कपाळामागचा भाग मात्र सावकाश पिकतो; त्याची वाढ पंचविशीच्या आसपास पुरी होते. कडेगावच्या शेतकऱ्याला हे समजावण्याची गरज नाही. खोंड अंगाने भरला आहे, वेसण अजून टोचायची आहे, अशी ती अवस्था. पंधरा वर्षांच्या मुलाला चांगले-वाईट कळत नाही असे नव्हे. शांतपणे विचारले तर तो अचूक उत्तर देतो. प्रश्न असतो तो चार मित्र बघत असताना, रात्री साडेनऊला, कुणीतरी आईवरून शिवी दिली त्या क्षणाचा.

‘मित्र बघत असताना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी 2005 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरच्या खेळात गाडी चालवायची, पिवळा दिवा लागला की पुढे जायचे की थांबायचे हे ठरवायचे. 13 ते 16 वर्षांची मुले एकटी खेळताना मोठ्या माणसांहून फारशी वेगळी वागली नाहीत. त्याच मुलांचे दोन मित्र शेजारी उभे केले, तेव्हा त्यांनी पत्करलेला धोका दुपटीच्या घरात गेला. मोठ्यांवर मित्रांच्या हजेरीचा असा परिणाम दिसला नाही. कराड-विटा रस्त्यावर एका मोटारसायकलवर तिघे, मधला उभा राहून दोन्ही हात सोडून, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला या प्रयोगाचे नवल वाटणार नाही. या वयातला गुन्हा बहुधा एकट्याचा नसतोच. तो टोळक्याचा असतो. आणि टोळके जमायला मोकळी वेळ, मोकळी जागा आणि आसपास मोठ्या माणसाचे नसणे, एवढे पुरते.

सगळीच मुले या एका कारणाने चुकत नाहीत. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांचा मागोवा संशोधक अजून घेत आहेत. त्याच्या आधारे मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये दोन गट पाडून दाखवले. मोठा गट कुमारवयात भरकटतो आणि नोकरी, लग्न, जबाबदारी आली की आपोआप रुळावर येतो. दुसरा गट लहान. पण त्याचा त्रास तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून दिसतो आणि आयुष्यभर पुरतो. बोलायला उशीर, एका जागी न बसणे, सतत मारामारी, त्यावर घरात रोजचा मार. अशा मुलाला शाळा ‘वांड’ म्हणते आणि शेवटच्या बाकावर बसवते. चौथीत त्याला वाचता येत नाही, सातवीत तो शाळेत येत नाही. त्याला अतिचंचलता आहे, कमी ऐकू येते, की अक्षरेच उमगत नाहीत, हे तपासण्याचे वय तोवर निघून गेलेले असते.

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत फिरून जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. वजन, दात, डोळे, हृदय पाहिले जाते, आणि ते पाहायलाच हवे. वाढीतला विलंब आणि वागणुकीच्या अडचणी यासुद्धा त्या तपासणीत येतात, पण घाईच्या दिवसात पहिली काट त्यांच्यावरच बसते. पोटात जंत असलेला मुलगा गोळी घेऊन परत जातो. जो रोज कुणाला तरी चावतो त्याच्याबद्दल बाई खासगीत सांगतात आणि विषय तिथेच संपतो. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी परिचारिका गरोदर, गरीब, पहिलटकरणींच्या घरी नियमाने जात आणि मूल दोन वर्षांचे होईपर्यंत येत राहत. ती मुले 15 वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातल्या अटकांचे प्रमाण, अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी होते. हा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. आशाताई आणि अंगणवाडीताई ज्या उंबऱ्यावर उभ्या असतात, तोच हा उंबरा.

पुढचा टप्पा सरकारी दवाखान्याचा. पोलीस ठाण्यात मुलगा पहिल्यांदा येतो त्याच्या कितीतरी आधी तो अपघात विभागात येऊन गेलेला असतो. उजव्या हाताच्या करंगळीमागचे, तळहातातले हाड मोडलेले. ‘पडलो’ असे तो सांगतो. पडल्याने सहसा मनगटाचे हाड मोडते. करंगळीमागचे हे हाड बहुतेकदा मूठ आवळून भिंतीवर किंवा कुणाच्या तरी जबड्यावर मारल्याने मोडते. कुठल्याही डॉक्टरला हे ठाऊक असते. तरीही नोंद ‘पडून इजा’ अशी होते, प्लास्टर घालतात, मुलगा घरी जातो. तीन महिन्यांनी टाके घालायला येतो: काच लागली. पुढच्या खेपेला दारू जास्त झाली म्हणून मित्र आणून टाकतात आणि पळून जातात. कधी तणनाशकाची बाटली असते. तीन खेपांना तीन वेगवेगळे डॉक्टर भेटलेले असतात. कागद तिन्ही वेळा नवा असतो.

अशा मुलाशी बोलायची एक पद्धत आहे आणि तिला कुठलेही यंत्र लागत नाही. बरोबरच्या मोठ्या माणसाला बाहेर बसवायचे आणि मुलाला एकट्याला विचारायचे. घरी कोण कोण असते? शाळेत शेवटचा कधी गेला होतास? संध्याकाळी कुठे असतोस, कुणाबरोबर? त्यांच्यात कोण काय घेते? आणि तू? झोप लागते का? कधी मरावेसे वाटले का? क्रम महत्त्वाचा आहे. नशेचा प्रश्न पहिला विचारला की तोंड मिटते. दहा मिनिटांचे काम आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात दहा मिनिटे ही चैन वाटते हे खरे. पण पुढे वयनिश्चितीसाठी त्याच मुलाच्या मनगटाचा, कोपराचा, कंबरेचा एक्स-रे काढून हाडे कितपत जुळली याचा अहवाल लिहायला याहून जास्त वेळ जातो. तो अहवालही वर्षा-दोन वर्षांच्या फरकानेच वय सांगतो. म्हणून कायद्याने शाळेचा दाखला आधी, तो नसेल तर ग्रामपंचायतीची किंवा पालिकेची जन्मनोंद, आणि तीही नसेल तरच हाडांची तपासणी, असा क्रम ठेवला आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेल्या 1 जून या जन्मतारखेवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या नोकरीला लागल्या आणि निवृत्त झाल्या. सतरा की अठरा, हा प्रश्न जिथे तीन वर्षांचे विशेष गृह की जन्मठेप हे ठरवतो, तिथे दाखल्यावरची तारीख गमतीची राहत नाही.

नशेची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिने खेड्याचे अंतर पुसून टाकले आहे. मार्च 2024 मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी येथे मुंबई पोलिसांनी एमडी म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना पकडला. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत दुसरा सापडला. कार्वे कडेगावच्या अगदी शेजारच्या तालुक्यात येते. एमडीचा अंमल दोन-तीन तासच टिकतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा घ्यावेसे वाटते. भूक मरते, झोप उडते, सगळे आपल्यावर टपून आहेत असा संशय बळावतो. न झोपलेला, संशयाने पेटलेला आणि चार मित्रांच्या मधे उभा असलेला सतरा वर्षांचा मुलगा काय करील, हे वर सांगितलेल्या प्रयोगावरून ताडता येईल. याच्या जोडीला व्यायामशाळांच्या आडोशाने मेफेंटरमाईनची इंजेक्शने फिरतात. भूल दिल्यानंतर रुग्णाचा उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी शस्त्रक्रियागृहात वापरायचे हे औषध. जोर वाढतो या समजुतीने मुले ते शिरेतून टोचून घेतात. रक्तदाब एकदम चढतो, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि एकच सुई चौघांत फिरली तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

हा माल बनवणारे आणि पहिला नफा खाणारे प्रौढ असतात. मुलगा फक्त पुडी पोचवतो, कारण ‘तुला काय होतंय, तू अजून अठराचा नाहीस’ हे त्याला त्यांनीच सांगितलेले असते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 95 याच माणसांसाठी आहे. गुन्हा करण्यासाठी मुलाला वापरणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची कैद, आणि मुलाच्या हातून गुन्हा घडला तर तो जणू स्वतःच केला अशी शिक्षा. मुलाला दारू, तंबाखू, नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीप्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. आठवीतला मुलगा दुधाचे कॅन अडकवून मोटारसायकलवरून डेअरीला निघतो तेव्हा गावात कुणालाही हे कलम आठवत नाही. उलट कामाचे पोर आहे म्हणून कौतुक होते. वयाची मर्यादा 14 वर आणायची चर्चा जेवढ्या जोरात चालते, त्याच्या पावपट जोर ही तीन कलमे वापरण्यावर लागला तर काय होईल, हे पाहण्यासारखे आहे.

कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा होतो आणि ज्याला हवे त्याने ते चालू करावेत. करोनाच्या काळात शिक्षणासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाईल आले. शाळा उघडल्या तरी ते हातातून सुटेनात. सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय काढला, महिलांच्या ग्रामसभेने उचलून धरला आणि 15 ऑगस्ट 2022 पासून भोंगा सुरू झाला. सुरुवातीला आशा, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून आठवण करून देत. देशी-परदेशी पत्रकार येऊन गेले, इतर गावांनीही अनुकरण केले. पुढे ऑस्ट्रेलियाने 16 वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती ठेवायला कायद्याने मनाई केली, ती 10 डिसेंबर 2025 पासून लागू झाली. वडगावने त्याआधी तीन वर्षे, कुठल्याही कायद्याशिवाय, एका भोंग्यावर काम भागवले होते.

वडगावचा हेतू गुन्हे रोखण्याचा नव्हता. मुलांनी अभ्यास करावा, घरात बोलणे व्हावे, एवढाच होता. तरीही बालगुन्हेगारीच्या अभ्यासकाला हा भोंगा थांबून पाहावासा वाटेल, तो त्याच्या वेळेमुळे. अमेरिकेच्या न्याय विभागाने मुलांच्या हिंसक गुन्ह्यांच्या वेळा काढल्या तेव्हा दिसले, की शाळेच्या दिवशी सर्वाधिक गुन्हे शाळा सुटल्या सुटल्या, दुपारी तीनच्या सुमारास होतात. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सात ते नऊ या वेळात. वडगावने आपल्या गरजेने निवडलेली वेळ जवळपास हीच आहे. दुसरे असे, की भोंगा मुलांसाठी वाजत नाही, तो घरासाठी वाजतो. आईची मालिका आणि वडिलांचा मोबाईलही बंद होतो. दीड तास मोठे माणूस घरात, जागे आणि मोकळे असते. पडदा बंद होण्यापेक्षा हे जास्त मोलाचे.

आइसलँडने हेच देशाच्या पातळीवर केले. 1998 मध्ये तिथल्या 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुले मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणारे 23 वरून 3 टक्क्यांवर. त्यांनी पोस्टरे लावून नशेचे दुष्परिणाम सांगितले नाहीत. 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर एकट्याने बाहेर राहायचे नाही असा नियम केला, पालकांना गावोगाव करारावर सह्या करायला लावल्या, आणि मुलांना खेळ, संगीत, नाच शिकता यावा म्हणून मुलामागे अनुदान दिले. यातला अनुदानाचा भाग सांगताना लोक विसरतात. घरी बस म्हणणे फुकट असते. कुठे जाऊ ते दाखवायला पैसा लागतो.

कडेगावला हे अगदीच परके नाही. मोहरमच्या वेळी कडेगावचे गगनचुंबी ताबूत पाहायला लांबून माणसे येतात. बांबूचे ते उंच मनोरे हिंदू-मुसलमान मिळून उभारतात आणि मिळून उचलतात. त्या गर्दीत सोळा वर्षांच्या मुलाला खांद्यावर भार मिळतो, शेजारी चुलता असतो, मागे आजोबा ओरडत असतात, आणि सगळे गाव बघत असते. बघणारे डोळे तेवढेच, धोकाही थोडा असतोच; फक्त बघणाऱ्यांत मोठी माणसे असतात. हे वर्षातून काही दिवस घडते. उरलेल्या दिवसांसाठी तालीम, मैदान, वाचनालय, ढोलपथक, जे असेल ते संध्याकाळी सहा ते नऊ उघडे आहे का आणि तिथे पगारी किंवा बिनपगारी, पण ठरलेले मोठे माणूस आहे का, हा ग्रामपंचायतीच्या बैठकीत विचारण्याचा प्रश्न आहे. बऱ्याच ठिकाणी वाचनालयाला पाचला कुलूप लागते.

‘दोन फटके लावा, सरळ होईल’ हा उपाय मात्र तपासून झाला आहे. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दमदाटी करवण्याचे कार्यक्रम मोठ्या गाजावाजाने झाले. त्यांचे काटेकोर अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा दिसले, की त्यातून गेलेल्या मुलांनी पुढे जास्त गुन्हे केले. या भागाला तर याच्या उलट उदाहरण माहीत आहे. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर, 1939 मध्ये औंध संस्थानाच्या राजांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने वसवलेली कैद्यांची खुली वसाहत. भिंत नाही, शेती करायची, कुटुंब बरोबर ठेवायचे. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या 1957 च्या चित्रपटामागची प्रेरणा तीच. खून करून आलेल्या प्रौढांवर जो भरवसा तिथे टाकता आला, तो पंधरा वर्षांच्या मुलावर टाकताना हात का आखडतो, हे कोडेच आहे.

भोंगा ऐकू येतो तो घर असलेल्यांना. या तालुक्यात दोन तऱ्हेची मुले त्याच्या पलीकडे राहतात. खानापूर, आटपाडी, कडेगाव या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात देशभर पांगलेली आहेत. वडील एखाद्या लांबच्या शहरात, मुलगा गावी आजी-आजोबांपाशी. पैसा वेळेवर येतो, मोटारसायकलही येते. रात्री दहाला कुठे होतास हे विचारणारे माणूस मात्र सत्तरीचे असते. सगळीच अशी मुले बिघडत नाहीत, बहुतेक उत्तम शिकतात. पण ज्याचे पाऊल वाकडे पडू लागले त्याचे वडिलांना कळते ते बहुधा पोलिसांच्या फोनवरून. टेंभू आणि ताकारी योजनांचे पाणी आल्यावर गावाकडे पोट भरू लागले, ऊस आला, तरी गेलेले सगळे परतले नाहीत.

आणि जिथे ऊस आला तिथे तो तोडणारेही आले. हंगामात शिवारात कोप्या पडतात. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात. गाडी भरली जाईपर्यंत परत येण्याची वेळ नक्की नसते. मागे बारा-तेरा वर्षांचा मुलगा धाकट्यांना सांभाळतो, किंवा वाढे गोळा करतो. सहा महिने गावची शाळा सुटलेली असते आणि इथल्या शाळेत तो ‘पाहुणा’ असतो. एके काळी कारखान्यांवर साखरशाळा भरत. शिक्षण हक्क कायदा आला आणि अशा मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेतच घ्यावे असे ठरले. कागदावर ते रास्त आहे. कोपीपासून शाळा चार किलोमीटर असेल आणि पाठीवर दोन वर्षांची बहीण असेल, तर मूल जात नाही. पुढच्या चार-पाच हंगामांत त्याच्याच हाती कोयता येतो. बहुतेकांचा उसावर चालतो. काहींना शहराकडे नेणारा कुणीतरी भेटतो.

गळीत हंगामात आरोग्य उपकेंद्राचे कर्मचारी लसीकरणासाठी कोप्यांवर जातातच. त्याच फेरीत 10 ते 18 वर्षांच्या मुलांची नावे, कोण शाळेत जाते, कोण जात नाही, कोण तंबाखू खातो, एवढे एका वहीत उतरवून शाळेच्या मुख्याध्यापकांना दिले तर वेगळा खर्च पडत नाही. 

पालकांनी लक्ष ठेवावे ते एकाएकी झालेल्या बदलांवर. जुने मित्र सुटून वयाने मोठे नवे मित्र, शाळेला दांड्या, रात्री जागणे आणि दुपारी झोपणे, घरातले पैसे कमी होणे, नसलेला मोबाईल हातात दिसणे, डोळे लाल किंवा बाहुल्या मोठ्या, दंडावर सुईच्या खुणा. यातले एखादे लक्षण वयाचे असते. तीन-चार एकदम दिसू लागली तर थांबू नये. अडचणीतल्या मुलांसाठी 1098 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हे क्रमांक चोवीस तास चालू असतात. सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असते. त्याची वेळ आधी विचारून घ्यावी. मुलाला तिथे न्यावे, केसपेपर काढून द्यावा, आणि डॉक्टरांनी आत बोलावल्यावर वडिलांनी बाहेरच्या बाकड्यावर बसावे.